पांढऱ्यावर पांढरं

मिठाच्या वाफ्यात उभं राहिलं की ऊन दोनदा लागतं. एकदा वरून आणि एकदा खालून, मिठावर आपटून. वरच्या उन्हाला टोपी, फडकं, काहीतरी आडवं करता येतं. खालचं ऊन हनुवटीखालून शिरतं, नाकपुड्या भाजतं, मिटलेल्या पापण्यांतूनही आत येतं, आणि त्यावर कुणापाशी इलाज नाही. त्यात त्या वर्षीचा उन्हाळा असा पेटला होता, की "आमच्या वेळी याहून..." अशी सुरुवात करणारी म्हातारी माणसंही वाक्य अर्धवट सोडून पाण्याच्या पिंपाकडे बघायची. आणि असल्या उन्हात दुर्बिणीची सून अंगात काळा शर्ट घालून कामाला यायची.

दुर्बीण म्हणजे तिचा सासरा. ऐन उमेदीत तो मिठागराच्या या टोकाला उभा राहून त्या टोकाच्या रस्त्यावरचा ट्रक कुणाचा ते सांगायचा. नुसता ट्रक नव्हे, ड्रायव्हरशेजारी कोण बसलंय आणि तो जागा आहे की पेंगतोय, तेही. लोक पैजा लावायचे आणि हरायचे. तेव्हा पडलेलं नाव तसंच राहिलं; डोळे मात्र मिठानं खाल्ले. चाळीस वर्षं त्या झगझगाटाकडे बघून बघून बुबुळांवर साय धरली होती. घराच्या सावलीत त्याला थोडंफार कळायचं. वाफ्यावर आला की सगळं पांढरं. त्या पांढऱ्यात काळं काही हललं, तर तेवढंच दिसायचं.

हे मिठागरात फक्त सुनेला ठाऊक होतं, आणि तिलाही ते कुणी सांगितलेलं नव्हतं. हंगाम लागला तेव्हा एकदा ती फिकट सदऱ्यात, हातात पाण्याचा तांब्या घेऊन त्याच्या पुढ्यात उभी राहिली, तर तो तिच्या आरपार बघत पुटपुटला, "कुठं गेली ही?" तिला आधी वाटलं, म्हातारा चेष्टा करतोय. मग वाटलं, चेष्टा करणारा हा माणूस नव्हे. दुसऱ्या दिवशी सदरा वाळला नव्हता म्हणून तिनं खुंटीवरचा नवऱ्याचा काळा शर्ट अंगात चढवला, आणि म्हातारा बांधावरून न अडखळता सरळ तिच्याकडे चालत आला. त्यावर दोघांपैकी कुणी काही बोललं नाही. पण त्या दिवसापासून तिनं कामावर दुसरं काही घातलं नाही.

न बोलण्यालाही कारण होतं. मिठागरात वाफ्यांची पट्टी मिळायची ती जोडीला. एकानं ओढायचं, एकानं भरायचं. जोडी मोडली की पट्टी दुसऱ्याला, आणि पट्टीबरोबर बांधावरची खोलीही. आधी बापलेकांची जोडी होती. लेक गेल्या पावसानंतर बंदरावर कामाला गेला. "मीठ धरायच्या आत येतो," असं सांगून गेला. मीठ धरलं, ओढून झालं, ढीग लागले, निम्म्याहून जास्त हंगाम सरला, तरी त्याचा पत्ता नव्हता. त्याच्या जागी ती उभी राहिली. आता म्हाताऱ्याला दिसत नाही हे मुकादमाच्या कानावर गेलं असतं, तर दोघांना बोचकं बांधून निघावं लागलं असतं. म्हाताऱ्याला जायला जागाच नव्हती. तिला होती, भावाकडे. पण नवरा परत आला आणि खोलीत भलतंच कुणी राहत असलं तर तो आपल्याला शोधणार कुठं, हा प्रश्न ती रोज स्वतःला विचारायची.

रोज सकाळी उजाडलं की ती पुढं, तो चार पावलं मागं, अशी दोघांची वरात निघायची. बांध हातभर रुंद, दोन्ही बाजूंना खारं पाणी. ती सावकाश चालायची, वळण आलं की जरा थांबायची. वाफ्यात उतरल्यावर म्हाताऱ्याला डोळ्यांची फारशी गरज पडत नसे. थर कुठं जाड झालाय, कुठं अजून पाणी आहे, कुठं तळाची माती लागतेय, हे सगळं त्याच्या तळव्यांना कळायचं. लांब दांड्याचं दंताळं टाकून तो मीठ ओढायचा आणि तिच्या काळ्या ठिपक्याच्या रोखानं आणून सोडायचा. ती ते पाटीत भरून ढिगावर ओतून यायची. लांबून बघणाऱ्याला वाटावं, काय जमलीय जोडी!

तळाच्या मातीच्या बाबतीत म्हातारा फार कडक होता. हंगामाआधी वाफ्याचा तळ पायांनी तुडवून घट्ट करतात, तेव्हा तो लांबून काळी चिकण माती आणून अंथरायचा. शेजारचे हसायचे. "काळा तळ ऊन पितो," तो त्यांना सुनावायचा, "आणि फिकट तळ ऊन परत देतो. माझं पाणी तुमच्याआधी दोन दिवस आटतं, ते काय उगाच?" आणि खरंच आटायचं. एवढी अक्कल असलेल्या माणसासमोर त्याची सून दिवसभर काळा तळ होऊन उभी असायची, आणि त्याविषयी तो अवाक्षर काढत नसे. तिला त्याचा राग यायचा. दुपारी बारानंतर तर फारच यायचा.

शर्टाचं कापड जाड होतं. दहाच्या सुमाराला पाठीला पहिला चटका बसायचा. अकराला घामाच्या धारा लागायच्या, आणि बाराला तो घाम वाळून शर्टावर मिठाचे पांढरे नकाशे उमटायचे. खांद्यावर पाटीची कड घासून घामोळं फुटलं होतं. संध्याकाळी शर्ट काढताना तो कातडीला धरून बसायचा, मग ती पडद्याआड उभी राहून दातओठ खाऊन तो एकदम ओढायची.

"अगं बाई, तवा झालाय की तुझा!" पिंपापाशी पाणीवाल्या मावशीनं तिच्या पाठीवर हात ठेवला आणि झटक्यात उचलला. "अंडं फोडलं तर शिजेल."

भोवतालच्या बाया हसल्या.

"नवऱ्याचा शर्ट आहे ना तो," एक जण म्हणाली. "सोडवत नाही तिला. वास येत असेल त्याचा."

"त्याचा कुठला वास आता? इतके महिने हिच्या घामात भिजलाय, हिचाच येत असेल."

पुन्हा हशा झाला. कुणाच्या मनात वाईट नव्हतं; अशा उन्हात हसायला काहीतरी लागतंच. तिनंही हसून दाखवलं. मावशीनं तिला जरा बाजूला घेतलं.

"माझा जुना पांढरा सदरा आहे एक. देऊ का? खरंच सांगते, फरक पडतो. पांढऱ्यावर ऊन टिकत नाही."

"नको मावशी."

"एवढं काय प्रेम उतू चाललंय बाई?"

"तसंच समजा," ती म्हणाली आणि तांब्या विसळून निघाली.

प्रेमाची थट्टा ऐकून घेणं सोपं होतं. अवघड होतं ते हे, की नवऱ्याचा चेहरा हल्ली तिला धड आठवायचा नाही. नाक आठवलं तर कपाळ निसटायचं. अंगाला चिकटून होता तो नुसता शर्ट, आणि तो तिनं कुणासाठी घातलाय हे सांगायची सोय नव्हती. साठ-सत्तर माणसांच्या त्या मिठागरात ज्याच्याशी मन मोकळं करावं असं एकही माणूस तिला नव्हतं.

मंगळवारी लांब्या पडला. ताडमाड उंच म्हणून लांब्या. अंगात गडद निळा, जवळजवळ काळाच सदरा. हातातलं दंताळं टाकून तो एकदम खाली बसला. लोकांना वाटलं, पायात काहीतरी रुतलं असेल. मग तो आडवा झाला. ढिगाच्या सावलीत नेऊन त्याच्यावर बादल्यांनी पाणी ओतलं. अंग नुसतं पेटलेलं होतं आणि घाम बंद झाला होता. मिठाच्या ट्रकमध्ये घालून त्याला नेलं. दुसऱ्या दिवशी ट्रक पुन्हा मीठ भरायला आला. लांब्या आला नाही.

गुरुवारी संध्याकाळी काम सुटताना मुकादमानं सगळ्यांना शेडपाशी थांबवलं. त्याच्या पायांशी कापडाचे दोन गठ्ठे होते.

"मालकांनी पाठवलेत. उद्यापासून पांढरं घातल्याशिवाय वाफ्यात पाय टाकायचा नाही. शर्ट पांढरा, डोक्याचं फडकं पांढरं. काळं, निळं, तपकिरी, काही चालणार नाही."

"आणि तुमची छत्री?" मागून कुणीतरी विचारलं. मुकादमाच्या हातात कायम एक मोठी काळी छत्री असायची.

"छत्री अंगाला चिकटलेली असते का रे? मधे हातभर वारा खेळतो. तुझा शर्ट तुझ्या कातड्याला चिकटतो. डोकं आहे का खोकं?" मुकादम तोंडाचा फटकळच होता. पण मग त्याचा आवाज उतरला. "लांब्याला मी दोनदा म्हटलं होतं, सदरा बदल. तिसऱ्यांदा म्हणायचा कंटाळा केला. आता कुणालाच सोडणार नाही."

तिच्या हातात पांढरा शर्ट आला. पातळ, खळीचा वास असलेला, कोरा. तो हातात घेताच तिला आधी आनंद झाला, चक्क आनंद, पाठीला आणि खांद्यांना झालेला. भीती त्याच्यामागून आली.

म्हाताऱ्याला ती काम सुटायच्या जरा आधीच घरी पोचवून आली होती; ती परतली तेव्हा तो दारात बसून दंताळ्याचा हललेला दात तारेनं आवळत होता.

"उद्यापासून सगळ्यांना पांढरं घालायला लावलंय," ती म्हणाली.

त्याची बोटं थांबली. "तुलाही?"

"सगळ्यांना."

ती पुन्हा तारेवर चालू लागली. मग म्हणाला, "बरंय. ऊन कमी लागेल."

एवढंच. तिला वाटलं होतं, आता तरी तो म्हणेल, मला दिसत नाही. ती म्हणेल, माहीत आहे. मग दोघं मिळून काहीतरी तोड काढतील. ती दाराच्या चौकटीला टेकून वाट बघत उभी राहिली. म्हाताऱ्यानं तार आवळली, दात हलवून पाहिला, आणि हात झटकून आत गेला. नवरा गेला त्या दिवशीही तिला इतकं एकटं वाटलं नव्हतं.

सकाळी ती काळा शर्टच घालून निघाली. पांढरा वरून चढवू, त्याच्या बाह्या दुमडल्या की खालच्या काळ्या दिसतील, असा तिचा बेत होता. मुकादम शेडच्या तोंडाशीच उभा होता.

"आतला काढ. दोन-दोन घालून मरायचंय का? जा पडद्यामागं."

काळा शर्ट इतरांच्या रंगीत कपड्यांबरोबर पोत्यात गेला. "संध्याकाळी घेऊन जा," मुकादम म्हणाला.

ती पडद्यामागून बाहेर आली, तेव्हा म्हातारा बांधाच्या तोंडाशी दंताळं दोन्ही हातांनी धरून उभा होता. समोरून माणसं जात होती, सगळी पांढरी, मागं मीठ पांढरं, वर आभाळही पांढरं. तो मान इकडून तिकडे फिरवत होता आणि हसत होता. कुणाकडे बघून नव्हे, सगळ्यांच्या दिशेनं. कुणाला ओळखलं नाही असं वाटू नये म्हणून. ती लगबगीनं त्याच्याजवळ गेली.

"चला," ती त्याच्या कानाशी म्हणाली, तसा तो दचकला.

त्या सकाळी ती जेवढं बोलली तेवढं सबंध हंगामात बोलली नसेल. पाटी बांधावरून खरडत न्यायची, उगाच खोकायची, आपल्याशीच बोलल्यासारखं करून "जरा डावीकडं," "आता बस," असं म्हणत राहायची. तरी दहा वाजेपर्यंत म्हाताऱ्यानं ओढलेलं मीठ दोनदा पाटातल्या पाण्यात गेलं. पलीकडच्या पट्टीवरून एकानं हाळी दिली, "दुर्बीण, आज काचा पुसायच्या राहिल्या वाटतं!" म्हातारा त्यालाही हसला. बाराला त्याचा पाय बांधावरून सटकला आणि नडगी सोलून निघाली. जखमेवर खारं पाणी गेलं तरी तो हूं की चूं करेना.

तिनं त्याला बांधावर बसवलं. तिचा संयम संपला होता.

"मामंजी, इथंच बसा. हलू नका. मी मुकादमाकडून माझा काळा शर्ट परत आणते. सांगते, या कापडानं अंगाला खाज सुटते म्हणून."

"नको."

"नको काय? पाण्यात पडून मरायचंय? आलेच मी."

ती तरातरा निघाली. शेडमध्ये मुकादम नव्हता. पोत्याचं तोंड सुतळीनं बांधलेलं होतं, आणि राखणदार म्हणाला, "मी नाही बाई सोडणार. ते पलीकडच्या बांधानं फेरीला गेलेत, त्यांनाच विचार." ती तशीच मागं फिरली. अर्ध्या वाटेवर आल्यावर तिला दिसलं, म्हाताऱ्यापुढं काळी छत्री उभी आहे.

ती पळत सुटली. कोऱ्या शर्टाचा फडफड आवाज होत होता, पण वाराही होता, आणि म्हाताऱ्याचं लक्ष नव्हतं. भर उन्हात बांधावर बसलेला माणूस बघून मुकादम विचारपूस करायला थांबला होता. अजून त्यानं तोंडही उघडलं नव्हतं. म्हातारा उठून उभा राहिला होता आणि छत्रीकडे तोंड करून बोलत होता.

"घातलास ना परत? काढ तो. काढून टाक पाण्यात. लांब्या कसा गेला, बघितलंस ना? मला दिसत नाही, खरंय. काही म्हणजे काही दिसत नाही. तुझं काळं तेवढं दिसतं. पण कळतं सगळं. संध्याकाळी शर्ट ओढतेस तेव्हा तू श्वास कसा धरतेस, तेही पडद्याच्या अलीकडं कळतं मला."

मुकादमानं छत्री जरा मागं कलंडवून त्याच्या डोळ्यांत पाहिलं.

"आणि दुसरं. हे मी तुला थंडीतच सांगायला हवं होतं. ट्रकवाल्याबरोबर निरोप आला होता त्याचा. तो नाही यायचा, पोरी. तिकडं त्यानं दुसरं घर केलंय. म्हणाला, तिला सांगा, तिला जिकडं जायचं तिकडं जाऊ दे. मी नाही सांगितलं. सांगितलं असतं तर तू गेली असतीस, मग मला बांध कुणी दाखवला असता? माझी भाकर टिकावी म्हणून तुला उन्हात उभं केलं मी. आणि तेही त्याच्याच शर्टात."

ती पाच पावलांवर उभी होती. म्हाताऱ्याची नजर दोनदा तिच्या अंगावरून गेली आणि कुठंच न थांबता पुढं सरकली. आपण इथं नाहीच, असं तिला वाटलं. हे सगळं दुसऱ्याच कुणाला तरी सांगणं चाललंय आणि आपण वाटेनं जाता जाता ऐकतोय. मग ते खरं तिच्याच अंगावर आलं. थंडीपासून. म्हणजे पाच महिने. ती तिथंच वाकून गुडघे धरून उभी राहिली.

मुकादमानं तिच्याकडे पाहिलं. माणूस फटकळ, पण दगड नव्हता. त्यानं म्हाताऱ्याकडे बोट केलं, मग वर आभाळाकडे, आणि बोटं खाली हलवून पाऊस दाखवला. पाऊस येईपर्यंत. मग तळवा आडवा फिरवला. त्यापुढं पट्टी नाही. हे सगळं म्हाताऱ्याच्या तोंडासमोर, हातभर अंतरावर चाललं होतं, आणि त्याला त्यातलं काहीच कळत नव्हतं. तिनं मान हलवली. मुकादमानं हळूच छत्रीचा दांडा तिच्या हातात दिला आणि उघड्या टकलानं उन्हात चालता झाला. पलीकडच्या पट्टीवरची माणसं काम टाकून त्याच्याकडे बघत राहिली.

"बोलत का नाहीस?" म्हाताऱ्यानं विचारलं.

"ऐकलं," ती म्हणाली.

"सगळं?"

"सगळं."

तो मान खाली घालून उभा राहिला. एक धक्का दिला असता तर तो पाण्यात गेला असता. तसं तिच्या मनात आलंही. शिव्या आल्या, रडणं आलं, भावाच्या घराची वाट आली. तोंडातून मात्र भलतंच निघालं.

"आंधळा झालोय, राहतेस का, असं एकदा तुम्ही विचारायचं होतं. नुसतं विचारायचं."

"राहिली असतीस?"

"माहीत नाही. पण माझं मला ठरवता आलं असतं."

म्हाताऱ्यानं हात पुढं केला. तो चाचपडत तिच्या बाहीला लागला. त्यानं अंगठ्यानं कापड चोळून पाहिलं, कोरं, पातळ. मग तोंड वर करून डोळे बारीक केले.

"हा तर तो नाही. पांढरा आहे हा."

"हो."

"मग हे काळं काय दिसतंय?"

"छत्री आहे. मुकादमाकडून मागून आणली."

"दिली त्यानं?"

"दिली."

त्याला ते पटलं. चेहऱ्यावर जरा सुटल्यासारखं दिसलं. आपलं बोलणं घरातल्या घरातच राहिलं, याचं ते सुख असावं. पावसाचं आता तिनं सांगायचं होतं. शब्द ओठांवर आले होते. उद्या सांगू, असं तिनं ठरवलं.

"गार वाटतं का गं पांढऱ्यात?" त्यानं विचारलं.

वाटत होतं. इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच भर दुपारी तिची पाठ भाजत नव्हती. कापड आणि कातडीच्या मधून वारा जात होता. त्या गारव्यानंच तिला रडू फुटलं, आणि त्याला कळू नये म्हणून तिनं श्वास धरला.

"वाटतं," ती म्हणाली. "दंताळं घ्या. अर्धा वाफा राहिलाय."